मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग आणि शाळेचा दिनक्रम

प्राथमिक शाळेत गैरहजेरीचे कारण विचारले असता ‘ताप आला होता’ हे उत्तर वर्षभरात कितीतरी वेळा ऐकावयास मिळते. हा ताप बहुधा सर्दी-पडशाचा असतो; पावसाळ्यात तो हिवतापाचाही असू शकतो. परंतु खोकला नाही, पडसे नाही, घसा दुखत नाही, आणि तरीही एखादी मुलगी महिन्या-दोन महिन्यांनी तापाने अंथरूण धरते, ओटीपोट दुखते म्हणून रडते, किंवा दोन-तीन वर्षे कोरडे राहिलेले अंथरूण पुन्हा भिजवू लागते, तेव्हा त्या तापाचे मूळ मूत्रमार्गात असण्याचा संभव असतो. हा विकार विरळा नाही. वयाची सात वर्षे पूर्ण होईपर्यंत ढोबळ मानाने शंभर मुलींपैकी आठ मुलींना व शंभर मुलग्यांपैकी दोघांना तो एकदा तरी होतो, असे पाश्चात्त्य देशांतील पाहण्यांवरून मानले जाते.

या विकाराचा धोका वाढविणारी कारणे अनेक आहेत. त्यांतील काही जन्मजात शरीररचनेतील असून त्यांवर शिक्षकाचा इलाज नाही. परंतु पुरेसे पाणी न पिणे, लघवी दीर्घ काळ तुंबवून धरणे आणि मलावरोध ही तीन कारणे अशी आहेत की, त्यांचा शाळेच्या पाच-सहा तासांशी निकट संबंध आहे. शाळेचे वेळापत्रक, पिण्याच्या पाण्याची व्यवस्था आणि स्वच्छतागृहाची स्थिती यांवर ती पुष्कळ अंशी अवलंबून असतात. म्हणूनच या विषयाची माहिती शिक्षकास असणे अगत्याचे आहे.

मूत्रमार्गाची रचना

रक्त गाळून त्यातील निरुपयोगी द्रव्ये पाण्यावाटे बाहेर टाकण्याचे काम पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस असलेली दोन मूत्रपिंडे करतात. प्रौढ माणसाची मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात व त्यातील बहुतेक सर्व पुन्हा रक्तात परत घेतात. शेवटी सुमारे दीड लिटर लघवी उरते. ती दोन मूत्रवाहिन्यांतून थेंबाथेंबाने खाली मूत्राशयात उतरते. मूत्राशय ही स्नायूंची लवचिक पिशवी होय. ती भरत आली की मेंदूस सूचना मिळते, आणि योग्य स्थळी बसल्यावर पिशवी आकुंचन पावून लघवी मूत्रनलिकेवाटे बाहेर पडते.

मूत्राशयात किती लघवी मावते याचा अंदाज सोप्या हिशेबाने करता येतो. मुलाच्या वयाच्या वर्षांत २ मिळवून येणाऱ्या संख्येस ३० ने गुणावे. येणारे उत्तर मिलिलिटरमध्ये असते. सात वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात या हिशेबाने सुमारे २७० मिलिलिटर, म्हणजे पाव लिटरहून किंचित अधिक लघवी मावते. प्रौढाच्या मूत्राशयात ४०० ते ५०० मिलिलिटर मावते. पहिलीतील मुलास शिक्षकाच्या मानाने अधिक वेळा उठावे लागते, ते या कारणाने. त्यात खोडकरपणा असतोच असे नाही.

लघवीचा प्रवाह हेच मूत्रमार्गाचे पहिले संरक्षण आहे. मूत्रनलिकेच्या तोंडाशी पोहोचलेले जंतू प्रत्येक वेळी लघवीबरोबर धुऊन निघतात. प्रवाह वारंवार आणि जोराचा असेल व मूत्राशय पूर्ण रिकामा होत असेल, तर जंतूंस तेथे ठाण मांडण्यास अवसर मिळत नाही. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे पुढील बहुतेक कारणांचा उलगडा आपोआप होतो.

जंतू कोठून येतात

हे जंतू सहसा बाहेरून येत नाहीत. थिओडोर एशेरिख या वैद्याने १८८५ साली लहान मुलांच्या विष्ठेत एका दंडाकृती जंतूचा शोध लावला. पुढे त्याच्याच नावावरून त्या जंतूस ‘एशेरिकिया कोलाय’ हे नाव मिळाले. व्यवहारात त्यास ‘ई कोलाय’ म्हणतात. हा जंतू प्रत्येकाच्या आतड्यात वस्ती करून असतो आणि तेथे त्याच्या बहुतेक जाती निरुपद्रवी असतात. तोच जंतू गुदद्वाराच्या आसपासच्या त्वचेवरून मूत्रनलिकेच्या तोंडाशी आला आणि आत चढला, की उपद्रव सुरू होतो. रुग्णालयाबाहेर, घरीदारी होणाऱ्या या विकाराच्या शंभरांपैकी सुमारे ८० प्रकरणांत हाच जंतू कारणीभूत असतो. त्याच्या काही जातींच्या अंगावर केसांसारखे सूक्ष्म तंतू असतात व त्यांच्या साहाय्याने तो मूत्राशयाच्या अस्तरास चिकटून राहतो.

यावरून एक प्रचलित समजूत बरोबर नाही हे दिसून येईल. सार्वजनिक शौचकूपात बसल्याने किंवा आजारी मुलीच्या शेजारी बसल्याने हा विकार जडतो असे पुष्कळ पालक मानतात व मुलींना ‘शाळेत जाऊ नकोस, घरी आल्यावर जा’ असे बजावतात. वस्तुतः हा विकार एकीकडून दुसरीकडे असा सहसा पसरत नाही. अस्वच्छ शौचकूप अपायकारक आहे ते वेगळ्या कारणाने. तो पाहून मूल तेथे जाण्याचे टाळते व दिवसभर लघवी धरून ठेवते. पालक मुलीस ज्या उपायाने वाचवू पाहतात, त्याच उपायाने तिचा धोका वाढतो.

धोका वाढविणारी कारणे

१) शरीररचना. प्रौढ स्त्रीची मूत्रनलिका सुमारे ४ सेंटिमीटर, तर पुरुषाची सुमारे २० सेंटिमीटर लांब असते. लहान मुलीत ती याहूनही आखूड असून गुदद्वाराच्या जवळ उघडते. जंतूंस चढून जाण्याचे अंतर अल्प असल्यामुळे पहिल्या काही महिन्यांचे तान्हेपण सोडल्यास सर्व बालवयात मुलींना हा विकार अधिक होतो. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात कॅल्व्हिन क्युनिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळेतील मुलांची लघवी तपासून १९६४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. कोणत्याही एका वेळी सुमारे १.२ टक्के मुलींच्या लघवीत जंतूंची वाढ झालेली त्यांना आढळली. मुलग्यांत मात्र हे प्रमाण दहा हजारांत तीन-चार इतकेच होते. तान्ह्या मुलग्यांत मात्र हा विकार मुलींहून अधिक आढळतो, आणि ज्यांच्या शिस्नाची पुढील त्वचा फार घट्ट असते त्यांना धोका विशेष असतो.

२) लघवी तुंबवून ठेवणे. जंतूंची वाढ दुपटीने होते. अनुकूल परिस्थितीत ई कोलाय सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतो. मूत्राशयातील वाढ त्याहून मंद धरून अर्ध्या तासाला एकाचे दोन असा हिशेब केला, तरी सहा तासांत बारा वेळा दुप्पट होऊन एका जंतूचे ४,०९६ होतात. मध्यंतरी लघवी झाली असती तर त्यांतील बहुतेक वाहून गेले असते. शिवाय मूत्राशय वारंवार प्रमाणाबाहेर ताणला गेल्यास त्याची पूर्ण रिकामे होण्याची सवय मोडते व थोडी लघवी मागे राहू लागते. डबक्यातील पाणी नासते, वाहते पाणी नासत नाही, हा अनुभव येथेही लागू पडतो. लघवी धरून ठेवणाऱ्या प्रत्येक मुलीस हा विकार होतोच असे नाही. परंतु ज्यांना तो पुनःपुन्हा होतो, त्यांत ही सवय पुष्कळदा आढळते.

३) पाणी कमी पिणे. पाणी कमी असेल तर लघवी थोडी, गडद व दाहक होते आणि प्रवाहाचे धुण्याचे काम मंदावते. उन्हातून तीन-चार किलोमीटर चालत शाळेत येणाऱ्या मुलाच्या अंगातील पुष्कळ पाणी घामावाटेच जाते. काही मुली पाणी मुद्दामच पीत नाहीत. प्यायले तर जावे लागेल आणि जाण्यास जागा नाही, हा त्यांचा विचार असतो.

४) मलावरोध. मूत्राशय व मलाशय शेजारी आहेत. मलाशयात कडक मळ साठून राहिला की तो मूत्राशयावर दाब देतो. त्यामुळे मूत्राशय नीट रिकामा होत नाही. त्याच जागी जंतूंचा साठाही वाढतो. पुनःपुन्हा लघवीचा विकार होणाऱ्या मुलाच्या मलावरोधावर इलाज केला असता लघवीची तक्रारही पुष्कळदा थांबते, असा बालरोगतज्ज्ञांचा अनुभव आहे.

५) धुण्याची चुकीची रीत. शौचानंतर हात मागून पुढे नेला तर जंतू मूत्रनलिकेच्या तोंडाशी येतात. पुढून मागे धुणे ही योग्य रीत होय. घट्ट व घामाने भिजणाऱ्या कपड्यांपेक्षा सैल सुती कपडे बरे. तथापि कपडे हे या विकाराचे प्रमुख कारण नव्हे.

६) सूतकृमी. मुलींच्या गुदद्वाराशी रात्री खाज आणणारे हे बारीक कृमी कधी कधी पुढे सरकतात व आपल्याबरोबर जंतू नेतात. नखे कापणे, हात धुणे आणि वैद्याच्या सल्ल्याने जंताचे औषध घेणे यांनी हा उपद्रव टळतो.

७) जन्मजात दोष व इतर व्याधी. काही मुलांत मूत्राशयातील लघवी उलट वर मूत्रपिंडाकडे चढते. तापासह हा विकार झालेल्या तीन मुलांपैकी सुमारे एका मुलात हा दोष असतो. मुतखडा, मधुमेह, मज्जारज्जूचे जन्मजात व्यंग यांमुळेही धोका वाढतो. अशा मुलास वेळेवर तज्ज्ञाकडे पोहोचविणे एवढेच शिक्षकाच्या हाती असते, परंतु ते फार मोलाचे असते.

८) पाळीच्या दिवसांतील गैरसोय. सहावी ते आठवीच्या वर्गांत पुष्कळ मुलींची पाळी सुरू होते. कपडा किंवा पॅड बदलण्यास आडोसा नसेल तर ओला कपडा दिवसभर तसाच राहतो. ओडिशातील रुग्णालयांत आलेल्या स्त्रियांचा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. धुऊन पुन्हा वापरण्याचा कपडा घेणाऱ्या स्त्रियांत जननमार्ग व मूत्रमार्गाच्या तक्रारी अधिक असल्याचे त्यात दिसून आले. ज्या घरी कपडाच वापरतात तेथे तो साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावा. लाजेने तो अंधाऱ्या कोपऱ्यात वाळत घालण्याची रीत सोडावी.

गावातील प्रौढांचा धोका

खेड्यात शिक्षकाचा सल्ला मुलांपुरता मर्यादित राहत नाही. पालकसभेत किंवा वाटेवर पालक घरच्या माणसांविषयीही विचारतात. म्हणून इतर वयांतील धोक्याची माहिती थोडक्यात असावी. विवाहानंतर स्त्रियांत हा विकार वाढतो. समागमानंतर लवकर लघवीस जाण्याचा सल्ला वैद्य देतात. गरोदरपणी मूत्रवाहिन्या शिथिल होऊन लघवी संथ होते. शंभर गरोदर स्त्रियांपैकी २ ते १० जणींच्या लघवीत कोणतीही तक्रार नसताना जंतू वाढलेले असतात. इतर वेळी अशा मूक जंतूंवर औषध देण्याची सहसा गरज नसते. परंतु गरोदरपणी उपचार न केल्यास ते मूत्रपिंडापर्यंत चढण्याचा व अपुऱ्या दिवसांची प्रसूती होण्याचा धोका असतो. यास्तव गरोदर स्त्रीने प्राथमिक आरोग्य केंद्रात लघवी तपासून घेणे अगत्याचे आहे. पाळी थांबल्यानंतर मूत्रनलिकेचे अस्तर कोरडे व नाजूक होते. वृद्ध पुरुषांत मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली ग्रंथी वाढून लघवी अडते व साचून राहते. मधुमेही माणसाने लघवीची जळजळ कधीही अंगावर काढू नये.

विकाराची ओळख

लहान मुले नेमकी तक्रार सांगू शकत नाहीत. अंगणवाडीच्या वयात कारणाशिवाय ताप, ओकारी, चिडचिड व अन्न नकोसे होणे एवढीच लक्षणे दिसतात. शाळेच्या वयात लघवीच्या वेळी जळजळ, वारंवार व घाईने जावे लागणे, थेंबथेंब होणे, ओटीपोटात दुखणे, लघवी गढूळ किंवा लालसर होणे, दिवसा कपडे ओले होणे ही लक्षणे आढळतात. थंडी वाजून ताप, ओकाऱ्या आणि पाठीत बरगड्यांखाली एका बाजूस दुखणे ही लक्षणे दिसली, तर विकार मूत्रपिंडापर्यंत पोहोचला असे समजून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मूत्रपिंडास झालेल्या जखमेचा वण राहतो. असे वण वाढत गेले तर पुढील आयुष्यात रक्तदाब वाढणे किंवा मूत्रपिंडाचे कार्य मंदावणे संभवते. उपचारास विलंब होणे हे वण राहण्याचे एक कारण आहे, आणि तो विलंब टाळता येण्याजोगा आहे.

गावोगावी लघवीच्या जळजळीस ‘उन्हाळी लागणे’ म्हणतात व धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा, वाळ्याचे पाणी असे उपाय करतात. उन्हाळ्यात पाणी कमी पडून लघवी दाहक झाली असेल, तर या पेयांनी पाणी पोटात जाते व बरे वाटते. त्यात अपाय काही नाही. परंतु दिवसभर भरपूर पाणी पिऊनही जळजळ राहिली, किंवा सोबत ताप असला, तर ती नुसती उन्हाळी नव्हे. घरगुती पेये औषधाची जागा घेऊ शकत नाहीत.

आणखी एक सावधगिरी शिक्षकाने बाळगावी. मूल वारंवार लघवीस जाते, सारखे पाणी मागते, भूक असून वाळत चालले आहे, अशी लक्षणे एकत्र दिसली तर तो बालमधुमेह असू शकतो. अशा मुलास ‘सारखा काय उठतोस’ म्हणून दटावण्यात गेलेले दिवस त्याच्या जिवावर बेतू शकतात. पालकांना बोलावून त्याच दिवशी तपासणीस पाठवावे.

तपासणी व उपचार

लघवीची तपासणी औषध सुरू करण्यापूर्वी व्हावयास हवी. अवयव स्वच्छ पाण्याने धुऊन, पहिली धार सोडून, मधली धार स्वच्छ बाटलीत घ्यावी व तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचवावी. उशीर झाल्यास बाहेर राहिलेल्या लघवीत जंतू वाढून निष्कर्ष चुकतो. एडवर्ड कास या अमेरिकन वैद्याने १९५६ साली एक मोजमाप सुचविले. लघवीच्या एका मिलिलिटरमध्ये एक लाख किंवा अधिक जंतू आढळले तर तो खरा संसर्ग समजावा, त्याहून फार कमी असल्यास ते त्वचेवरून मिसळले असण्याचा संभव धरावा, असे त्याचे स्वरूप होते. पुढे त्यात काही सुधारणा झाल्या. तथापि लघवीतील जंतू मोजून निर्णय घेण्याची ही पद्धत आजही आधारभूत आहे.

जंतुनाशक औषधाने ताप बहुधा दोन-तीन दिवसांत उतरतो. येथेच पालकांची चूक होते. बरे वाटले म्हणून उरलेल्या गोळ्या ठेवून देतात व पुढच्या वेळी त्याच दुसऱ्या मुलास देतात. अर्धवट व मनाने घेतलेल्या औषधांमुळे जंतू औषधास दाद देईनासे होतात. हा आज भारतातील मोठा प्रश्न असून पूर्वी हमखास गुण देणारी कित्येक औषधे आता ई कोलायवर चालत नाहीत. वैद्याने सांगितलेले सर्व दिवस औषध घ्यावे, उरल्यासुरल्या गोळ्या कोणास देऊ नयेत, ही गोष्ट शिक्षकाने पालकांस अवश्य सांगावी. विकार पुन्हा झाल्यास मूत्रपिंडांची तपासणी आवश्यक असते. शाळेत वर्षातून एकदा येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या वैद्यकीय पथकास अशा मुलांची नावे आठवणीने द्यावीत.

शाळेने करावयाच्या गोष्टी

औषध देणे हे वैद्याचे काम आहे. विकाराची वाट अडविणे हे काही अंशी शाळेचे. पुढील गोष्टींस पैसा थोडा व लक्ष अधिक लागते.

(अ) लघवीस जाण्याची परवानगी नाकारू नये. सकाळी साडेदहाला भरून सायंकाळी पाचला सुटणाऱ्या शाळेत, घरून निघण्याचा व परतण्याचा वेळ धरला तर मुलीचे सात-आठ तास घराबाहेर जातात. दर दोन-तीन तासांनी लघवी होणे इष्ट आहे. ‘मधल्या सुट्टीपर्यंत थांब’ हे वाक्य शिस्तीचे वाटते, परंतु लहान मूत्राशयास ते मानवत नाही. लाजाळू मुलांसाठी एखादी खूण ठरवावी, म्हणजे सर्व वर्गासमोर विचारण्याचा संकोच राहणार नाही. परवानगीचा कोणी गैरफायदा घेत असल्यास त्यास स्वतंत्रपणे समजवावे. एकाच्या खोडीसाठी सर्वांवर बंदी घालू नये.

(आ) पाणी पिण्याची वेळ ठरवून द्यावी. २०१९ साली केरळातील शाळांत ‘पाण्याची घंटा’ सुरू झाली. ती वाजली की सर्व मुले पाणी पितात. शेजारच्या कर्नाटकानेही त्याच वर्षी ती पद्धत उचलली. घंटा एकच असली तरी तिचे ठोके वेगळे ठरविता येतात. प्राथमिक शाळेच्या वयात दिवसाकाठी एक ते दीड लिटर पेय पोटात जावे, उन्हाळ्यात अधिक. माठ झाकलेला, ओगराळे लांब दांड्याचे आणि पाणी रोज ताजे असावे. पाणी पुरेसे आहे की नाही हे लघवीचा रंगच सांगतो: वाळल्या गवतासारखा फिकट पिवळा रंग ठीक, हळदीसारखा गडद रंग म्हणजे पाणी कमी.

(इ) स्वच्छतागृह उघडे व वापरण्याजोगे ठेवावे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीत मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे व सुरक्षित पिण्याचे पाणी यांचा समावेश आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्व शाळांत या सोयी करण्याचा आदेश दिला. परंतु भिंती उभ्या राहिल्या म्हणजे सोय झाली असे नव्हे. दारास आतून कडी आहे काय, पिंपात पाणी व डबा आहे काय, उजेड येतो काय, किल्ली कोणाकडे असते, या चार प्रश्नांवर सोय खरी की कागदावरची हे ठरते. ‘घाण होते’ म्हणून कुलूप लावलेले स्वच्छतागृह मुलींच्या दृष्टीने नसल्यासारखेच होय. मुलगे कुंपणापलीकडे जाऊन येतात म्हणून त्यांची गैरसोय दिसत नाही. मुलींची दिसत नाही ती त्या बोलत नाहीत म्हणून.

(ई) स्वच्छतेचे काम वाटून घ्यावे. ते मुलींवरच किंवा कोणा एका जातीच्या मुलांवर टाकणे अन्यायाचे आहे. शाळा व्यवस्थापन समिती व ग्रामपंचायत यांच्याकडून सफाईची नियमित व्यवस्था करून घ्यावी. पाणी ओतणे, डबा जागेवर ठेवणे एवढ्या गोष्टी प्रत्येक वापरणाराने स्वतः कराव्यात, असा पाठ पहिलीपासून द्यावा.

(उ) घाई न करता बसण्याची सवय लावावी. ओल्या, घाणेरड्या फरशीवर मूल अर्धवट टेकून घाईने उठते व मूत्राशय पूर्ण रिकामा होत नाही. नीट बसणे, घाई न करणे, पुढून मागे धुणे व नंतर साबणाने हात धुणे या चार गोष्टी स्वच्छतेच्या पाठात आणाव्यात. मुलींना हे शिक्षिकेने किंवा आशा कार्यकर्तीने सांगणे बरे.

(ऊ) मलावरोधाकडे लक्ष द्यावे. भाकरी, पालेभाजी, कडधान्ये, हंगामी फळे व पाणी यांनी पोट साफ राहते. शालेय पोषण आहारातील भाजी व उसळ ताटात टाकून दिली जात नाही ना, हे पाहावे. पाकिटबंद तळलेल्या पदार्थांवर भूक भागविण्याची सवय मोडावी.

(ए) ओल्या कपड्याची चेष्टा होऊ देऊ नये. कपडे भिजणे हा मुलाचा दोष नसून बऱ्याचदा विकाराचे लक्षण असते. शाळेत एक-दोन जुने स्वच्छ कपडे ठेवावेत, प्रसंग गाजावाजा न करता निभवावा आणि पुन्हा तसे घडल्यास पालकांस एकांती सांगावे. वर्गाचे हसे झालेले मूल दुसऱ्या दिवशी शाळेत येत नाही, आणि काही मुली मग कायमच्याच येत नाहीत.

(ऐ) पालकसभेत हा विषय घ्यावा. शाळेचे शौचकूप वापरल्याने रोग होतो ही भीती घालवावी व ‘धरून ठेव’ हा उपदेश मुलींस करू नये, असे मातांना समजवावे.

शिक्षिकांची स्थितीही येथे विसरता कामा नये. बसने लांबून येणाऱ्या व दिवसभर उभे राहून शिकविणाऱ्या कित्येक शिक्षिका याच कारणाने पाणी टाळतात व हा विकार सोसतात. ज्या शाळेत शिक्षिकेस सोय नाही, तेथे विद्यार्थिनीस ती असण्याचा संभव थोडाच. दोघींसाठी केलेली व्यवस्था एकच असू शकते, आणि शिक्षिका ती वापरीत असेल तर ती स्वच्छ राहण्याचीही शक्यता अधिक.

या विकारातील शरीररचनेचा भाग शाळेला बदलता येत नाही. परंतु स्वच्छतागृहाचे कुलूप काढणे, पिंप भरून ठेवणे, दिवसातून दोन वेळा पाण्याची घंटा देणे आणि हात वर करणाऱ्या मुलीस न विचारता जाऊ देणे, या गोष्टींस कोणत्याही मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. ज्या शाळेत आजवर त्या झाल्या नसतील, तेथे पुढील सोमवारपासून त्यांचा आरंभ करता येईल.